डाव्या हाताची करंगळी

“आमच्या दारात काय कमी हाय, महाराज?”

नेमाण्णांनी उभ्यानंच हात जोडले आणि लगेच हा प्रश्न टाकला. नमोस्तु आधी आणि तक्रार नंतर, एवढा क्रम मात्र त्यांनी पाळला.

महाराज मंदिराच्या ओसरीत लाकडी फळीवर बसले होते. बाजूला मोरपिसांची पिंछी, पलीकडं कमंडलू. दुपारचं सामायिक, म्हणजे ध्यान, नुकतंच संपलं होतं. आम्ही गावातली काही रिकामटेकडी मंडळी खांबांना टेकून बसलो होतो.

महाराजांनी मान वर केली.

“रोज उभा ऱ्हातोय. मी आणि मंडळी, दोघं. कलश, नारळ, सोवळं, सगळं यथासांग. तुम्ही बघता आणि फुडं जाता.”

“पुढं जातो,” महाराज म्हणाले. “आणि तसाच परत येतो.”

हे खरं होतं. महाराज दिगंबर मुनी. दिवसातून एकदाच अन्न घ्यायचं, तेही उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. आणि आहाराला निघण्याआधी मनाशी एक खूण धरायची, की कुणाच्या दारात अमुक एक दिसलं तरच थांबेन, नाहीतर उपाशी परत येईन. ह्याला विधी म्हणतात. खूण काय धरली ते कुणाला सांगायचं नाही.

महाराज चातुर्मासाला वारणेकाठच्या आमच्या गावात आले, आणि मधेच असे दिवस आले की विधी जुळेना. रोज सकाळी महाराज सगळ्या गल्ल्या फिरत आणि उपाशी परतत.

गाव हवालदिल झालं. कुणी दोन नारळ घेऊन उभं राहिलं, कुणी उसाचं कांडं. एकानं जुळ्या नाती दोन्ही बाजूंना उभ्या केल्या. कुणीतरी नेमाण्णांना सुचवलं, की तुम्ही तुमचे किपिंगचे ग्लोव्ह्ज घेऊन उभे राहा, कोण जाणे तोच विधी असेल! त्यावर देवळाचे बाहुबली उपाध्ये ओरडले, “अरे, चामडं हाय ते! आहाराच्या जागेत चामडं आणताय?” दोन दिवस आम्ही ह्यावर हसत होतो. महाराज उपाशी होते आणि आम्ही हसत होतो, आता ते आठवून बरं वाटत नाही.

नेमाण्णा म्हणजे नेमगोंडा मगदूम. आमच्या पंचक्रोशीतून कसोटी क्रिकेट खेळलेला एकच माणूस. त्यांचं चित्र शाळेच्या भिंतीवर आहे. खाली लिहिलं आहे : ‘डाव्या हाताची करंगळी मोडली, तरी मैदान सोडले नाही.’ आमच्या गावात पोराला बाराखडी यायच्या आधी हे वाक्य येतं.

असा माणूस दारात उभा आणि महाराज पुढं निघून जातात, हे नेमाण्णांना सोसेना. आम्हालाही ते बरोबर वाटत नव्हतं, खोटं कशाला बोला.

महाराजांनी हातानं समोरची सतरंजी दाखवली. नेमाण्णा बसले. त्यांचे गुडघे वाजले. आयुष्यभर उकिडवं बसून त्यांची वाट लागली होती.

“तुम्ही नेमकं काय करत होता?” महाराजांनी विचारलं.

“क्रिकेट, महाराज. विकेटकीपर होतो.”

“म्हणजे काय?”

नेमाण्णांनी आमच्याकडं पाहिलं. हे सांगायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

“स्टंपच्या मागं बसायचं. म्होरं फलंदाज असतो. पलीकडनं गोलंदाज बॉल टाकतो.”

“फलंदाज तो मारतो.”

“मारतो.”

“मग तुमच्याकडं काय येतं?”

“त्यानं नीट मारला तर काय येत न्हाई. त्याची चूक झाली, की येतो आमच्याकडं.”

“दुसऱ्याची चूक...”

“व्हय. ती हातातनं सोडायची न्हाई. सोडली की सगळ्या मैदानाला दिसतंय. धरली तर कुणी बघतबी न्हाई.”

“चांगलं काम आहे,” महाराज म्हणाले.

नेमाण्णांची छाती जरा पुढं आली.

“देशासाठी किती सामने?”

“एक.”

“एकच का?”

ह्याचं उत्तर ओसरीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. नेमाण्णांनी बोलायची गरजही नव्हती. आमच्यातल्याच एकानं सांगायला सुरुवात केली, दुसऱ्यानं ती उचलून धरली.

मद्रासचा कसोटी सामना. नेहमीचा किपर जखमी झाला म्हणून नेमाण्णांना तार आली. शेवटच्या दिवशी करंगळी मोडली. तरी नेमाण्णा हटले नाहीत, सामना संपेपर्यंत उभे राहिले. आणि तेवढं निमित्त करून मोठ्या शहरातल्या लोकांनी त्यांना बाजूला सारलं, ते कायमचं. खेड्यातला माणूस. त्याला वाली कोण?

आमचा आवाज चढला होता. ही गोष्ट सांगताना तो चढतोच. अन्याय आपल्या गावच्या माणसावर झालेला असला की सांगायला फार गोड लागतो.

महाराज नेमाण्णांकडं बघत होते.

“हात दाखवा.”

नेमाण्णांनी दोन्ही हात पुढं केले. हा त्यांचा सवयीचा अभिनय होता. शाळेत, सत्कारात, लग्नाच्या मांडवातसुद्धा ते असे हात पुढं करत आणि माणसं तोंडात बोट घालत. त्या हातांची बोटं आल्याच्या तुकड्यांसारखी होती. एक इकडं वळलेलं, एक तिकडं.

महाराजांनी हाताला स्पर्श केला नाही. नुसतं वाकून पाहिलं.

“हा अंगठा?”

“सांगलीला, कॉलेजात असताना. मॅटिंगवर बॉल असा उसळला की बस्स. आईनं हळद लावली. पण आंघोळ केल्याबिगर स्वैपाकघरात घेतलं न्हाई. चामड्याला शिवलेला हात न्हवं का. माझे ग्लोव्ह्ज गोठ्यात टांगलेले असायचे, म्हशीच्या वर.”

महाराज हसले. नेमाण्णाही हसले.

“आणि हे?”

“कारखान्याच्या संघात होतो तवा. त्यांनी नोकरी दिली ती किपिंगवरच. सकाळी सराव, दुपारी काट्यावर उसाच्या गाड्या.”

“हे?”

“पुण्याला. रणजीचा पयला मोसम. त्या दिवशी आमचा लेगस्पिनर असा काय टाकत होता म्हणून सांगू, महाराज! बॉल हातात येऊन बसायचा, कबूतर बसावं तसा.”

नेमाण्णांचा चेहरा उजळला होता. बडोदा झालं, नागपूर झालं. इंदूरला एकाच सामन्यात दोन बोटं गेली होती. एकेका बोटामागं एकेक मैदान होतं, कुणीतरी सोबती होता, एखादा अवघड झेल होता. ही गोष्ट आम्ही कधी ऐकली नव्हती. आम्हाला फक्त मद्रास ठाऊक होतं. महाराष्ट्राकडून हा माणूस इतकी वर्षं खेळला, हे त्या दिवशी आम्हाला जणू नव्यानं कळलं.

महाराजांची नजर एकेक बोट करत डाव्या हाताच्या टोकाला आली.

“आणि मद्रासला?”

नेमाण्णा बोलायला गेले आणि थांबले.

आम्ही सगळे पुढं वाकलो. मद्रासचं बोट बघायचंच होतं ना.

डाव्या हाताची करंगळी सरळ होती.

काठीसारखी सरळ. वाकडी, गाठाळलेली बाकीची बोटं, आणि त्यांच्या शेजारी ही एक, लेखणी धरणाऱ्या माणसाची असावी तशी.

नेमाण्णांनी मूठ मिटली.



“मूठ कशाला?” महाराज हळूच म्हणाले.

बाहुबली उपाध्यांनी उगाच उपरणं झटकलं. तो हात आम्ही किती वेळा पाहिला होता. हातात हार दिले होते, हस्तांदोलन केलं होतं. वाकडी बोटं बघून आम्ही खूष झालो, पण मोडलेलं कुठलं ते कुणी बघितलं नाही. मला तिथून उठून जावंसं वाटलं, इतकी लाज वाटली. नेमाण्णांची नव्हे, आमचीच.

“दुखत होतं, महाराज,” नेमाण्णा म्हणाले.

“असेल.”

“सुजलं हुतं जरासं.”

“हं.”

“...मोडलं नव्हतं.”

महाराज वाट बघत राहिले.

“मद्रासला मला बॉल कळेना. आमचाच स्पिनर, आमच्याच संघाचा, आणि त्याचा बॉल कुठल्या बाजूला वळणार ते मला कळेना. पायातनं बॉल जायचे. लोक हसायचे. एक माणूस क्रीज सोडून एवढा म्होरं आलेला, बॉल माझ्या हातात... आणि हातातनं गेला. कॅप्टन काय बोलला न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

“मग?”

“म्होरची कसोटी कानपूरला. संघात माझं नाव हुतं, महाराज. मला कुणी काढलं नव्हतं. मीच सांगितलं, बोट मोडलंय. पट्टी मीच बांधली. कॅप्टननं पट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, घरी जाऊन आराम कर. त्याला कळलं हुतं.”

“आणि गावात?”

“स्टेशनावर जीप घेऊन आलेले सगळे. पट्टी बघून सरपंचांनी भाषण ठोकलं. अन्याय, अन्याय. मी काय बोललो न्हाई, महाराज. खोटं मी एक अक्षर बोललेलो न्हाई. लोकच बोलले. मी नुसता गप्प हुतो.”

“मौन आम्हीही पाळतो,” महाराज म्हणाले.

नेमाण्णांनी मान खाली घातली.

तसंच त्यांनी विचारलं, “म्हणून थांबत नव्हता व्हय माझ्या दारात?”

“हे तर मला आत्ता कळलं. मी माझा विधी बघत होतो.”

“मग मी काय करू?”

महाराजांनी उलट विचारलं, “आहाराच्या वेळी दारात काय म्हणता?”

नेमाण्णांनी सवयीनं सुरुवात केली. आमच्याकडं हे सगळ्यांना पाठ असतं, मुनींना दारात थांबवायचे शब्द. “नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ तिष्ठ. मनशुद्धी, वचन...”

पुढचं त्यांच्या तोंडून येईना. ते उठले आणि चपला हातात घेऊनच निघून गेले.

महाराजांनी डोळे मिटले. उपासानं त्यांचा चेहरा ओढल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली दारात होती. विधीसाठी आणि, खरं सांगायचं तर, नेमाण्णांसाठीही. ओसरीतली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली होती. आमच्या पोटात काय राहतं?

महाराज आले. डाव्या हातात पिंछी-कमंडलू, उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर टेकलेली. घराघरातून नमोस्तु, नमोस्तुचा गजर उठला.

नेमाण्णा सोवळं नेसून दारात उभे होते. शेजारी त्रिशलाकाकी, त्यांची बायको, हातात कलश घेऊन. महाराज समोर येताच नेमाण्णांनी हात जोडले आणि मोठ्यानं, अगदी चौकापर्यंत जाईल अशा आवाजात, ते बोलले :

“महाराज, माझं वचन शुद्ध न्हाई! माझं बोट मोडलं नव्हतं! मी भ्यालो हुतो! सगळ्या गावानं ऐकावं!”

नेमाण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग कुणीतरी हुंदका दिला. कुणीतरी म्हणालं, “केवढं काळीज लागतं, बघा.” पलीकडच्या माडीवरून दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. शाळेच्या भिंतीवर आता काय लिहायचं, हे माझ्या डोक्यात तिथल्या तिथं सुरू झालं होतं. ‘सत्य सांगितले, तरी...’ वगैरे.

महाराजांनी नेमाण्णांकडं पाहिलं.

आणि ते पुढं गेले.

त्या दिवशीही ते उपाशीच परतले.

दुपारी नेमाण्णा आले तेव्हा रागानं थरथरत होते.

“खरं बोललो की, महाराज! सगळ्या गल्लीसमोर!”

“ऐकलं.”

“मग?”

“मी थांबावं म्हणून बोललात?”

नेमाण्णांनी नजर सतरंजीवर वळवली.

“टाळ्या पडल्या.”

“...दोघांनी वाजवल्या.”

“मद्रासला पडल्या नव्हत्या,” महाराज म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ताप आलेल्या पोराशी बोलावं तसे ते बोलले.

नेमाण्णांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, कानापर्यंत. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांचं खोटं उघडं पडलं होतं आणि आज त्यांचं खरं. ह्या दुसऱ्यानं त्यांना जास्त लागलं, हे आम्हाला स्पष्ट दिसत होतं.

ते खाली वाकले. गुडघे टेकले, मग कपाळ टेकलं. उभ्यानं नमस्कार करणारा माणूस. बराच वेळ उठलेच नाहीत. आम्ही एकेक करून तिथून निघून आलो, कारण ते बघत बसणं बरोबर नव्हतं.

माझं घर त्यांच्या घराला लागून आहे. मधली भिंत कुडाची. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं, आणि मी ऐकायचं नाही असं म्हटलंही नव्हतं. दिवेलागणीला नेमाण्णा बायकोला सांगत होते.

“तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघ सगळं.”

“मला ठाऊक हुतं,” त्रिशलाकाकी म्हणाल्या.

“कवापास्नं?”

“लग्न झाल्यापास्नं. हाताला तेल मीच लावते न्हवं?”

“...बोलली न्हाईस कधी.”

“तुम्ही तरी कुठं बोललात?”

भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“मग रोज दारात माझ्याबरोबर वचनशुद्धी म्हणत हुतीस ते?”

“तेवढ्यापुरती मी गप व्हायची. तुमच्या आवाजात कुणाला कळतंय?”



पुढची सकाळ. गल्लीत तेवढीच माणसं, पण गजर कमी झाला होता. लोक थकले होते. उपाशी माणसासमोर रोज नारळ धरून उभं राहणं सोपं नसतं.

महाराज वळणावर दिसले. पाय सावकाश पडत होते. मगदुमांच्या दारात आज त्रिशलाकाकी एकट्याच उभ्या होत्या. हातात कलश, डोक्यावरून पदर.

मग मला दिसलं. नेमाण्णा त्यांच्या मागं होते. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, उकिडवे बसलेले. गुडघ्यांवर कोपरं, दोन्ही हात पुढं एकत्र धरलेले. असं बसायचं त्यांनी ठरवलं होतं की उभं राहवेना म्हणून बसले, मला सांगता येणार नाही. घरात असे मागं बसलेले नेमाण्णा मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

त्रिशलाकाकींनी सुरुवात केली. त्यांचा आवाज आम्ही कधी नीट ऐकला नव्हता. बारीक होता, पण थरथरत नव्हता.

“नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ तिष्ठ. मनशुद्धी...”

त्या थांबल्या. मागं वळून पाहिलं. नेमाण्णांनी मान हलवली, एवढीशी.

“वचनशुद्धी,” त्रिशलाकाकी म्हणाल्या. “कायशुद्धी. आहार-जल शुद्ध हाय.”

महाराज थांबले.

बायकांनी एकदम जयजयकार केला. बाहुबली उपाध्ये रडायलाच लागले. विधी काय होता ते महाराजांनी सांगितलं नाही. आम्ही अजून त्यावर वाद घालतो.

महाराज आत गेले. त्यांना पाटावर बसवून पाय धुतले, पूजा झाली. मग ते उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही करंगळ्या एकमेकींत अडकवून ओंजळ केली. एकदा ती ओंजळ जुळली, की आहार संपेपर्यंत सुटता कामा नये. मधेच हात सुटले, की त्या दिवसाचं अन्न संपलं. मग पोट भरो न भरो, पुन्हा दुसऱ्या दिवशीच.

आम्ही दारातून, खिडकीतून बघत होतो.

त्रिशलाकाकींनी पाणी दिलं. मग भाताचा घास दिला. नेमाण्णा भिंतीला टेकून मागंच उभे होते. काकींनी डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी नकाराची मान हलवली. काकींनी पुन्हा खुणावलं. महाराज ओंजळ धरून उभे होते. त्यांनी काकींच्या हातचा घास संपवला आणि ओंजळ पुन्हा पुढं केली. पण काकींकडं नव्हे, भिंतीकडं.

नेमाण्णा पुढं आले. दुधात कालवलेल्या भाताचा घास त्यांनी उचलला. उजव्या हाताखाली डावा धरला, त्या वाकड्या बोटांसकट आणि त्या सरळ करंगळीसकट.

घास ओंजळीपर्यंत पोचलाच नाही. हातातून निसटला, बाहेरच्या बाजूला.

“अरे!” कुणीतरी ओरडलं.

महाराजांची ओंजळ, जुळलेलीच, बोटभर खाली गेली आणि बाजूला सरकली. घास तिच्यात पडला. करंगळ्या सुटल्या नाहीत. महाराजांनी नजरसुद्धा उचलली नाही, घास अंगठ्यानं चाचपला आणि तोंडात घेतला.

मैदानावर असं कुणी केलं असतं तर आम्ही टोप्या उडवल्या असत्या. तिथं फक्त नेमाण्णांच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. तो झेल किती अवघड होता, हे त्या खोलीत त्यांनाच कळलं होतं.

मग त्यांनी दुसरा घास दिला, तिसरा दिला. महाराज जेवले. किती दिवसांनी जेवले.

आहार संपला. महाराजांनी हात धुतले आणि पाटावर बसले. आता बोलायला हरकत नव्हती. नेमाण्णा समोर बसले. डावा हात त्यांनी उघडा, उताणा ठेवला होता, गुडघ्यावर. करंगळी सगळ्यांना दिसत होती. ती झाकायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, किंवा राहिलं होतं.

“महाराज...”



महाराजांनी पिंछी उचलली.

“महाराज, माझी चूक झाली.”

महाराजांनी त्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाले, “चूक नसती झाली, तर माझ्याकडं कशाला आला असता?”